नवव्या विहिरीची कोरी जागा

सुमन,

काल पंधरा तारीख होती. सकाळी चहा घेतला, पाणी मोजायची टेप खांद्याला अडकवली आणि पायांच्या सवयीनं वस्तीच्या वळणापर्यंत गेले. तिथं लिंबाखाली उभी राहिले. तू तिथंच उभी असायचीस, पदर डोक्यावर, वही काखेत, आणि मी लांबून दिसले की तुझं सुरू व्हायचं, "या वहिनी या, पाणी ताटकळलंय तुमच्यासाठी." चांगली दहा मिनिटं मी वाट बघितली. कुणीतरी सायकलवरून रामराम घालून पुढं गेलं. मग डोक्यात उजेड पडला. तुला जाऊन बारा दिवस झालेत, आणि तुझ्या पुण्यानुमोदनाला मी स्वतः येऊन बसले होते.

असं कुठं असतं का गं? माणूस गेल्याचं कळतं, रडून होतं, चार लोकांत बसून होतं, आणि पायांना मात्र कुणी काही सांगत नाय.

गावाला आपण दोघी विहिरी मोजणाऱ्या बाया म्हणून ठाऊक. तुझं माझं नातं विचारलं तर काय सांगायचं, हे मला त्या दिवशी मांडवात कळेना. बायका पुढं बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या लावलेल्या. मी हिरवट साडीत, कडेला, चपला हातात घेऊन उभी. कुणी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हणलं, "आम्ही बरोबर पाणी मोजायचो." त्या बाईनं सरकून जागा दिली. एवढ्यावर जागा मिळाली बघ मला.

तुला तो पहिला दिवस आठवतो का? शहरातल्या संस्थेचे साहेब आले होते, मारुतीच्या पारावर बैठक. साहेब चांगले माणूस, पोटतिडकीनं बोलत होते. पाऊस बदललाय, म्हणाले, महिना महिना दडी मारतो आणि मग एका दुपारी सगळा कापूस आडवा करून जातो. हे आता असंच चालायचं. तर यातून निभायचं कसं हे बाहेरच्यानं सांगायचं नाय, गावानंच ठरवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मागून, विजेच्या खांबापासून तू विचारलंस, "गाव म्हंजे कोण, साहेब?"

साहेब हसले. सगळेच हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, काय फटकळ बाई आहे. तू खांबापाशी उभी का होतीस, पारावर यायला तुला कुणी अडवलं होतं का, हे मनातसुद्धा आलं नाय. कुणी अडवलं नव्हतंच. कुणी या म्हणलं नव्हतं, एवढंच.

पाणी समितीत दोन बाया घ्यायच्याच असा नियम होता. एक आमच्यातली, एक तुमच्यातली. भाऊजी समितीचे अध्यक्ष, त्यांनी माझं नाव घातलं, कारण घरातली बाई घरचं ऐकणार. तुझं नाव घातलं, कारण वस्तीत दहावी पास तू एकटी. आणि दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला नऊ विहिरी मोजायचं काम आपल्या गळ्यात पडलं. पुरुषांना त्यात काही मान दिसला नाय म्हणून.

लई मजेचं काम निघालं ते! टेपचं टोक खाली सोडायचं, पाण्याला टेकलं की वरची डबी टीं टीं करायची, आणि तू दर वेळेला म्हणायचीस, "बोललं बघ पाणी." नऊच्या नऊ विहिरींवर. मी चिडायचे, म्हणायचे, अगं दुसरं काहीतरी बोल की. आता बोल ना. तेच बोल.

पहिल्याच विहिरीवर मी म्हणलं होतं, "टेप मी सोडते, तू लिही, तुझं अक्षर मोत्यासारखं." माझं अक्षर तू बघितलेलंच होतंस. म्हणायचीस, कोंबडी नाचून गेली का काय वहीवर. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. टेप माझ्या हातात, पेन तुझ्या. खरं सांगते सुमन, मला अक्षरासाठीच वाटत होतं. आज वाटतं, माझ्या हाताला आधीपासूनच सगळं ठाऊक होतं आणि त्यानं मला विचारलं नाय. कारण तुमच्या वस्तीच्या विहिरीवरसुद्धा टेप मीच सोडायचे. तुमची विहीर, तुम्ही पाणी भरता ती, आणि टेप माझ्या हातात.

एकदा तू म्हणलीस, "मला एकदा टाकू दे की." मी काय म्हणलं? "नाजूक आहे गं, संस्थेची आहे, बिघडली तर बोलणी खावी लागतील." तू कपाशीची मण मणाची गाठोडी बांधून टेम्पोत चढवणारी बाई. तुझ्या हातून टेप बिघडणार होती!

गावात तू मला वहिनी म्हणायचीस. ओढा ओलांडला, माणसं मागं पडली, की विमल. कधी ठरवलं नव्हतं आपण. पहिल्यांदा तुझ्या तोंडून निघून गेलं तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस, मी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि मग ते चालूच राहिलं. मला लई बरं वाटायचं गं. घरी मी अगं आहे, आई आहे, काकू आहे, वहिनी आहे. माझं नाव माझ्या आईनंतर तूच घेत होतीस. आणि मी? मी तुला पहिल्या दिवसापासून सुमनच म्हणत आले, गावात आणि ओढ्यापलीकडंही. तुला चालतं का, हे विचारायची मला गरज वाटली नव्हती.

बांधावर बसून भाकरी खायचो तेव्हाची भांडणं आठवतात. तू म्हणायचीस, साहेब म्हणतात गावानं ठरवायचं, पण ठरवणारे चौघं, आणि त्या चौघांच्या विहिरी एकाच अंगाला. मी म्हणायचे, सारखं काय तुझं आमचं-तुमचं, म्हणून तर मोजतोय ना आपण, आकडा काय जात बघतो का? नियमच आहे, उन्हाळ्यात ज्या अंगाच्या विहिरी जास्त खोल जातील, बंधारा पहिला त्या अंगाला. वरच्या अंगाला आमचं शिवार, खालच्या अंगाला तुमची वस्ती. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचीस, "आकडा नाय बघत. आकडा घेणारा बघतो." मी म्हणायचे, "म्हणजे मी?" तू म्हणायचीस, "खा मुकाट्यानं, ठेचा वाळतोय."

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी शहरात, छावणी भागात, लेकाकडं जाऊन राहिले तो मे महिना. बंधारा ज्या आकड्यांवर ठरणार होता ती पंधरा मेची मोजणी तू एकटीनं केलीस. मी परत आले, वही बघितली. आठ विहिरी भरलेल्या, तुझ्या त्या सुरेख अक्षरात. नववी कोरी. भाऊजींची.

ती विहीर म्हणायला भाऊजींची. वाटणीत त्यांच्याकडं गेली, पण पाळीनं आमच्या मोसंबीलाही तिचंच पाणी आहे. हे मी आज लिहितेय. त्या दिवशी मला ते आठवतसुद्धा नव्हतं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले.

मी तुला विचारलं, ही का राहिली? तू म्हणलीस, "राहिली. राहू दे कोरी." मला राग आला. खाडा दिसला तर वही तालुक्याहून परत येईल, असं साहेब सांगून गेले होते. मी बांधावरून जाऊबाईंना हाक मारली, ताई, पंधरा तारखेला पाणी किती होतं? त्या म्हणाल्या, "कुठलं पाणी, तळ दिसत होता." झालं. मी तळाचा आकडा लिहिला, माझ्या कोंबडीच्या पायांनी. विहीर शंभर पावलांवर होती. मी उठून बघायला गेले नाय. गुडघ्याचं निमित्त हाताशी होतंच.

पुढच्या वेळी तू ते पान उघडलंस. बराच वेळ बघत राहिलीस. "हे कुठनं आलं?" म्हणलीस. मी फाडकन बोलले, "तू आळस केलास म्हणून मला भरावं लागलं." सुमन, माझ्या तोंडून हे गेलं. तू पेनाला टोपण लावलंस आणि म्हणलीस, "बरं."

तुझं ते 'बरं' मला अजून गिळता आलेलं नाय.

ग्रामसभेत वही वाचून दाखवली. आमच्या अंगाची विहीर सगळ्यात खोल. बंधारा वर झाला. कुणी फसवलं नाय, कुणी दादागिरी केली नाय, सगळं नियमानं, हात वर करून. तुझाही हात वर होता, मी वळून बघितलं होतं. बंधाऱ्यात पाणी अडलं तेव्हा नारळ फोडला. तू काठावर उभी राहून म्हणलीस, "लई देखणं पाणी आहे गं. याला म्हणावं, आमच्या विहिरीला पण निरोप दे." मी म्हणलं, होईल, पुढच्या टप्प्यात तुमच्याकडंच आहे. तू म्हणलीस, "पुढचा टप्पा कुठं आला विमल? पाचोडच्या पुढं का? एसटी जाते का तिकडं?" मला हसू आलं आणि मग हसू आल्याचीच लाज वाटली.

गेल्या उन्हाळ्यात तुमची विहीर होळीच्या आधीच आटली. वरून ओढ्याला येणारं झिरपणं बंद झालं होतं. टँकर यायचा, तू रांगेत, डोळे लाल झालेले. मी मोठ्या मनाची ना, मी म्हणलं, "आमच्या विहिरीवरून ने की दोन घागरी, कोण नाय म्हणतंय?" तू माझ्याकडं असं बघितलंस की मी आजही डोळे मिटले तर ते बघणं दिसतं. म्हणलीस, "तुझ्याकडं पाणी मागायला यायचं, म्हणून इतकी वर्षं मोजलं का मी?"

महिनाभर बोलली नायस. पण एक तारखेला लिंबाखाली हजर. वही काखेत. नऊ विहिरी आपण एक शब्द न बोलता मोजल्या, आणि "बोललं बघ पाणी" सुद्धा तू म्हणली नायस. एवढी शांत पंधरा तारीख आणि एक तारीख मी कधी बघितली नाय. मला वाटलं, येईल, राग जाईल, वेळ आहे. राग गेला तुझा. वेळ मात्र नव्हता. तुझं पोट दुखायला लागलं, पाचोडला दाखवलं, मग शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं कळलं की लई उशीर झालाय.

मी छावणीतून रिक्षा करून आले. तू खाटेवर एवढीशी झाली होतीस. मला बघून हसलीस. बाजूच्या खाटेवरची बाई ऐकत होती, तरी म्हणलीस, "ये विमल." दवाखान्याला तू ओढ्यापलीकडचं धरलं होतंस.

तिथं सांगितलंस. मी विचारलं नव्हतं, तू आपणहून. त्या पंधरा मेला तू टेप खांद्याला लावून सगळ्या विहिरी फिरलीस ते. वस्तीच्या विहिरीवर टेप सोडलीस तर सगळ्या बाया गोळा झाल्या, डबी टीं करते का नाय बघायला. वाजली तशा पोरींनी टाळ्या पिटल्या. हे सांगताना तुझा चेहरा सुमन, काय सांगू तुला! मग नववी विहीर.

"तुझी जाऊ वाईट नाय गं," म्हणलीस. "चहा दिला. बस म्हणली. मी टेप काढायला लागले तर म्हणली, राहू दे, विमल आल्यावर ती टाकंल, आमच्या प्यायच्या पाण्याची विहीर आहे. हसून म्हणली. मग मी चहा पिला आन् आले."

तू म्हणलीस, "येताना वाकून बघितलं होतं. सात पायऱ्या कोरड्या, आठवीपासनं पाणी. भरपूर पाणी होतं, विमल."

"मग सांगितलं का नायस मला?"

"तूच म्हणायचीस ना, बघितलेलं लिहायचं नाय, मोजलेलंच लिहायचं. म्हणून कोरी सोडली. मला वाटलं, कोरी बघून तू विचारशील, का गं कोरी? कुणी आडवलं का?" थोडा दम खाल्लास. "तू विचारलं नायस. तू भरलीस."

तेव्हा मला तुझे पाय धरायचे होते. तेव्हा म्हणायचं होतं की चुकले, की तुला आळशी म्हणलं, की तो आकडा मी माझ्या मोसंबीसाठी लिहिला असेल, की तुझ्या वस्तीचं पाणी माझ्या पेनानं वर गेलं. हे सगळं तोंडाशी आलं आणि मी काय म्हणलं?

"चहा आणू का तुला?"

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणलीस, "आण."

आणला. अर्धा कप प्यालीस. मी पाच वाजताची गाडी धरली. गाडीत बसल्यावर ठरवलं, पुढच्या आठवड्यात येते आणि सांगते. चौथ्या दिवशी तुझ्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला.

तर काल. मी लिंबाखाली उभी होते आणि तुझी प्रज्ञा आली. बिडकीनच्या कंपनीतून पंधरा दिवसांची रजा काढून राहिलीय. चालणं तुझंच आहे तिचं, टाच आपटत. हातात वही. म्हणाली, "काकू, आईनं सांगितलंय, तारीख चुकवायची नाय." आणि हात पुढं करून म्हणाली, "टेप द्या."

विचारलं नाय तिनं, मागितली. आणि माझी बोटं पट्ट्यावर घट्ट आवळलेली मला दिसली. माझी मलाच. एवढं सगळं होऊन, दवाखान्यातनं येऊन, मांडवात बसून, तरी बोटं सोडायला तयार नाय. मग दिली. तिनं वही माझ्या हातात ठेवली.

तुमच्या विहिरीपासून सुरू केलं. तळाला ओंजळभर पाणी. प्रज्ञानं टेप सोडली, वाजायला लई वेळ लागला. तुझं वाक्य कुणी म्हणायचं हे आम्हाला ठरवता येईना. आकडे मी लिहीत गेले. प्रज्ञा वाकून बघायची आणि ओठ दाबायची. हसली असती तर बरं वाटलं असतं.

नवव्या विहिरीवर जाऊबाई दारातच होत्या. प्रज्ञाच्या हातात टेप बघितली. वाईट बोलल्या नाय. तशाच हसून म्हणाल्या, "विमल, तू टाक की गं, पोरीला कशाला त्रास." माझ्या जिभेवर आलं होतं की माझा गुडघा दुखतोय ताई, म्हणून ती टाकतेय. काय सोपं होतं! सगळ्यांचं राहिलं असतं. गिळलं ते.

म्हणलं, "टेप तीच टाकणार. दोन वर्षांमागं पंधरा मेला तिची आई आली होती, तेव्हा टाकू दिली असती तर बंधारा आज खाली असता."

जाऊबाईंचं हसू गेलं. "घरच्या विहिरीवर उभं राहून बोलतेस हे," म्हणाल्या. "आठ दिवसांवर ग्रामसभा आहे. ह्यांना काय सांगू?"

"मीच सांगते भाऊजींना. वही तिथं मीच वाचणार आहे."

मला काय धाडस आलं असं समजू नकोस. दुसरा बंधारा कुठं व्हायचा ते याच वहीवर ठरणार आहे, आणि तो आकडा तिथं बसलेला असेपर्यंत तुमच्या वस्तीची पाळी येत नाय, हे तुलाही ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. भाऊजी काय करतील, घरात माझ्याशी कोण बोलेल, मोसंबीला पाळीचं पाणी मिळेल का, काही ठाऊक नाय. गाव म्हणजे कोण, या तुझ्या प्रश्नाला ग्रामसभेत पुन्हा हसतील का, तेही नाय.

प्रज्ञा कठड्याला गुडघा टेकून वाकली. टेप सरसर गेली. टीं झालं. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला, दारापर्यंत ऐकू जाईल असा, आणि मी लिहिला. मग तिथंच खाली बसून मागची पानं काढली आणि तो पंधरा मेचा माझा आकडा खोडला.

सुमन, मला वाटलं होतं खोडला की जागा कोरी होईल, तू ठेवली होतीस तशी. नाय होत गं. काळी होते. तुझी ती कोरी जागा आता मला काही केल्या परत देता येत नाय. म्हणून शेजारी लिहिलं, मोजू दिलं नाही, मी अंदाजानं भरलं. खाली माझं नाव घातलं. प्रज्ञानं वाचलं. मग टेप गुंडाळत राहिली.

ती सरळ वस्तीकडं गेली. मी एकटीच आमच्या रानाकडं निघाले. ओढा ओलांडला, माणसं मागं पडली, आणि मी तिथंच थांबले. बराच वेळ थांबले. इथून पुढं तू मला नावानं हाक मारायचीस.